सोळाशे मीटरच्या पुढचं हैदराबाद

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारा माणूस निदान हिमालयात तरी जाऊन आलेला असावा, असं मला वाटतं. मी देगलूरहून एसटीनं हैदराबादला गेलो, मामाकडे अकरा दिवस राहिलो आणि रोज सकाळी पळालो. एवढंच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. उत्तरपत्रिका आणि अर्ज सोडले तर दोन पानांच्या वर मी कधी काही लिहिलेलं नाही. पण मराठीच्या मॅडम म्हणाल्या की आपल्या वर्गातल्या पुष्कळांनी हैदराबाद पाहिलेलं नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांनी चारमिनार पाहिलाय, तू पळता पळता जे पाहिलंस ते लिही. म्हणून लिहितो. कुठं चुकलं तर समजून घ्यावं.

आधी मी गेलो का, ते सांगायला हवं. माझी पोलीस भरतीची मैदानी चाचणी झाली होती. सोळाशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. त्यात जे वर येतात त्यांचीच नावं लेखी परीक्षेच्या यादीत लागतात. ती यादी कधी लागणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. माझे बाबा गवंडीकाम करतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर मारुतीच्या देवळापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत आणि परत, असे सोळाशे मीटर त्यांनी स्वतः बांधकामाच्या टेपनं मोजून दगडाला चुना लावून ठेवले होते. दोन वर्षं रोज पहाटे कामावर जायच्या आधी ते मोबाइलचं घड्याळ लावून देवळाशी उभे राहायचे. मी आणि माझा मित्र दत्ता पोचलो की फक्त आकडा सांगायचे. "पाच बावीस." "पाच अठरा." चाचणी झाल्यावर मात्र घरात आम्ही दोघं समोरासमोर आलो की दोघंही मोबाइलकडे बघायचो. शेवटी आई म्हणाली, मामाकडे जाऊन ये, यादी काय, तिकडंही दिसती.

गौलीगुडा

मामाचं घर बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, गौलीगुड्यात. मामा तीस वर्षांपासून बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानात आहे. त्याच्या मराठीत हैदराबादी बोलीतले "हौ" आणि "नक्को" इतके मुरलेत की आईशी फोनवर बोलतानाही तेच येतात. माझ्याबद्दल त्यानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. पिशवी खांद्यावर घेऊन मी गल्लीत शिरलो, तर इस्त्रीवाल्यानं विचारलं, "पोलीस साब आ गए?" मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

यादी अजून लागली नाही, असं मी मामाला रात्री जेवताना हळूच सांगितलं. मामा म्हणाला, "लागती की रे. मनापासून पळालास ना? हौ, मग झालं." मामीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती भाकरी विकतची होती, हे ऐकून मी हातातला घास थांबवला. जवळच्या कोठी भागात रस्त्यावर बायका चुली मांडून ज्वारीच्या भाकरी थापतात आणि साखरेचा त्रास असलेले लोक रांग लावून घेऊन जातात. आमच्याकडे भाकरी विकत मिळते म्हटलं तर आई हसेल. पण चांगली होती, पातळ आणि पापुद्र्याची.

मामाची मुलगी स्नेहा बी.कॉम.ला आहे. तिला तेलुगू आणि इंग्रजी पाट्या झरझर वाचता येतात. मराठी मात्र ती एकेक अक्षर लावून वाचते, आणि बोलते तेव्हा मध्येच तेलुगूत जाऊन येते. माझे बूट बघून तिनं विचारलं, "दादा, तू रनिंग करतो? मग सकाळी चल ना, आमचा ग्रुप असतो." हिची कुठली भरती असेल, असा विचार करत मी झोपलो.

हुसेनसागर

पहाटे तिच्या स्कूटीवरून आम्ही नेकलेस रोडला पोचलो. एका बाजूला तलाव, आणि रस्त्यावर पळायला आलेली एवढी माणसं. रंगीत टी-शर्ट, घड्याळं, भारी बूट. बायका, पोरी, पांढऱ्या केसांचे लोक. मला वाटलं, इथं किती मोठी भरती निघाली आहे, आणि आपल्याला पत्ताच नाही.

यावर वर्गातले शहरातले मित्र हसतील. पण आमच्या गावात माणूस दोनच कारणांनी पळतो. एक भरती, दुसरं मागे लागलेलं कुत्रं. तिसरं कारण मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून शेजारी अंग मोकळं करत असलेल्या एका चष्मेवाल्या, पोट सुटलेल्या काकांना मी अदबीनं विचारलं, "अंकल, आप किस भरती की तैयारी कर रहे हैं?"

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "भरती? बाबू, मैं तो पिछले साल बैंक से रिटायर हुआ."

मग पळता कशाला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं. ते रागावले नाहीत. खरंच विचारात पडले. तलावाकडे बघून म्हणाले, "सुबह है ना, इसलिए."

स्नेहा माझी बाही धरून ओढत होती. तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता. सगळे निघाले, पण इतके सावकाश की मला कळेना, हे पळणं आहे की चालणं. मी आपला सवयीप्रमाणे सुटलो. सगळ्यांना मागं टाकलं. तलावाच्या मधोमध बुद्धाची मोठी मूर्ती आहे, तिच्या मागून सूर्य वर येत होता, हे मला नंतर स्नेहानं काढलेल्या फोटोत दिसलं. पळताना मी फक्त समोरचा रस्ता बघत होतो. आणि साधारण सोळाशे मीटर झाले असतील तिथं माझे पाय आपोआप थांबले. हात गुडघ्यांवर गेले. मान वर करून मी रस्त्याच्या कडेला बघितलं, बाबा आकडा सांगतील म्हणून. कडेला एक आजीबाई मक्याची कणसं भाजायला कोळसे पेटवत होती.

मग मागचे सगळे एकेक करून मला ओलांडून गेले, गप्पा मारत. अगदी शेवटी शेवटी ते बँकेचे काका आले. जाता जाता म्हणाले, "आराम से, बाबू." ते गेले आणि मी तिथंच उभा राहिलो, धापा टाकत.

नामपल्ली

पुढचे दोन दिवस स्नेहाचे क्लास होते, म्हणून मी एकटाच नामपल्ली स्टेशनजवळच्या बागेत गेलो. गौलीगुड्याच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी मला कोपऱ्यापर्यंत सोबत केली. ते शंभर मीटर मी चाचणीच्या दिवसापेक्षा नक्की जोरात पळालो असेन.

बाग जुनी आहे. मोठमोठी झाडं, मध्ये घुमटांच्या पांढऱ्या इमारती, आणि कट्ट्यावर बसून मोठमोठ्यानं हसण्याचा व्यायाम करणारे म्हातारे. मी पळालो, सोळाशेला थांबलो, गुडघ्यांवर हात ठेवले. पुन्हा पळालो, पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळी बुरख्यातल्या एक बाई जवळ आल्या आणि पाण्याची बाटली पुढे करून म्हणाल्या, "तबीयत ठीक नहीं है क्या बेटा? बैठो." मी ठीक आहे म्हणालो तरी त्या बसवल्याशिवाय गेल्या नाहीत.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. यादीबद्दल ते नेहमी एकच शब्द विचारायचे. "आली?"

"नाही."

"बरं." आणि फोन बंद.

तारनाका

यानंतरचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

तारनाक्याजवळ एक फार जुनं, मोठं विद्यापीठ आहे. कोठीहून पहाटेची बस मिळते. आत शिरलं की शहर मागं राहतं. सरळ लांब रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, खडकाळ मोकळी रानं, आणि मधोमध गुलाबीसर दगडाची एक प्रचंड इमारत. तिच्या पायऱ्यांसमोर मी पहिल्या दिवशी बूट काढावेत की काय अशा विचारात उभा राहिलो होतो. ते कॉलेज आहे. आपल्या कॉलेजची सगळी इमारत तिच्या दारात मावेल, हे मी कुणाला कमी लेखायला म्हणत नाही.

तिथं मला राव गारू भेटले. गारू म्हणजे आपल्याकडे नावापुढे राव लावतो तसा मान, त्यामुळे त्यांना मराठीत रावराव म्हटल्यासारखं होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. वय सत्तरच्या आसपास, रेल्वेत गार्ड होते. रोज त्या रस्त्यांवर हळूहळू पळतात. मी त्यांच्या शेजारून सुसाट गेलो, पुढे जाऊन थांबलो, ते आले, मी पुन्हा सुटलो. असं तीनदा झाल्यावर त्यांनी हात दाखवून मला थांबवलं.

"क्या बाबू, पीछे कौन पड़ा है?"

मी चाचणीबद्दल सांगितलं. टाइम काढावा लागतो, म्हणालो. त्यावर ते म्हणाले की चाळीस वर्षं मी टाइमच बघितला, आणि एक गोष्ट पक्की कळली. "गाड़ी टाइम से पहले पहुँची तो भी आउटर पे खड़ी रहती. अंदर कोई नहीं लेता." आउटर म्हणजे स्टेशनाच्या अलीकडचा सिग्नल.

मग त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली. बरोबर पळायचं आणि बोलत राहायचं. बोलणं बंद पडलं की समजायचं, वेग जास्त झाला. मला हे फार अवघड गेलं. पळणं नाही, बोलणं. मी मुळात कमी बोलतो. पण ते एकेक स्टेशन आल्यासारखे प्रश्न विचारायचे. गाव कोणतं, पाऊस किती, वडील काय करतात, भावंडं किती. मी उत्तर देत गेलो आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सोळाशे मीटर केव्हाच मागं पडलेत आणि पाय थांबलेले नाहीत. रस्त्याच्या पुढं काय असतं ते मी पहिल्यांदा बघत होतो. एका वळणावर मोर होता. खरंच होता, कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

पळणं झालं की फाटकाशी एका गाडीवर नाचणीची पातळ आंबील मिळायची. ते तिला अंबली म्हणतात. वर ताक आणि बारीक चिरलेला कांदा. आमची आई ज्वारीची करते. दोन्हींत चांगली कोणती, यावर राव गारू आणि मी रोज वाद घालायचो, आणि गाडीवाला दोघांनाही आणखी अर्धा पेला देऊन वाद वाढवायचा. त्या दोघांना माझ्या यादीची पूर्ण माहिती होती. मी दिसलो की लांबूनच हात हलवून विचारायचे, आली का? मी मान हलवायचो.

एक दिवस पळता पळता राव गारूंनी विचारलं, "लिस्ट में नाम नहीं आया तो?"

हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. बाबांनी नाही, आईनं नाही, मीही नाही. ते उच्चारलं की खरं होईल, असं काहीतरी आम्हाला वाटत असावं. मी बराच वेळ नुसता पळत राहिलो.

"बात बंद हो गई, बाबू."

"तो पता नहीं," मी म्हणालो.

"पता नहीं, ये भी बात है. बोलते रहो."

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहिणं बरं दिसणार नाही. बाबांनी बांधलेल्या घरांत आम्ही कधी राहिलेलो नाही, हे सांगितलं. मला भूगोल आवडतो, पुढं शिकावंसं वाटतं, पण भरती लागली तर ते सोडावं लागेल आणि तरीही यादीत नाव यावं असंच मला वाटतं, हेही सांगितलं. राव गारूंनी सल्ला दिला नाही. ते मध्ये मध्ये "हाँ, फिर?" एवढंच म्हणत होते. आम्ही थांबलो तेव्हा त्यांनी घड्याळात बघितलं आणि सांगितलं की आज सहा किलोमीटर झाले.

दुर्गम चेरुवू

शुक्रवारी स्नेहानं मला शहराच्या नव्या भागात नेलं. चेरुवू म्हणजे तलाव. चारी बाजूंनी काचेच्या उंच इमारती, वरून तारांनी टांगलेला पूल, आणि खाली पाण्याकाठानं पळायची वाट. खडक मात्र आपल्याकडच्यासारखेच जुने, एकावर एक ठेवलेले. एवढ्या काचेच्या मध्ये ते मला ओळखीचे वाटले.

तिथं माझ्या उजव्या बुटाचा तळवा उघडला आणि टाळीसारखा वाजायला लागला. मी दोन्ही बूट काढून झुडपाखाली ठेवले आणि अनवाणी पळालो. मला त्यात विशेष काही नव्हतं. पण थोड्या वेळानं एक तिशीतले गृहस्थ माझ्या बरोबरीनं पळू लागले. स्नेहाशी माझं मराठी ऐकून म्हणाले, "तुम्ही बेअरफूट करता? मी पुण्याचा. मला पण सुरू करायचंय, पण डेअरिंग होत नाही. किती वर्षं झाली तुम्हाला?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "लहानपणापासून."

"वा. म्हणजे बेस एकदम पक्का असणार. सुरुवात कशी करायची?"

मी विचार केला आणि काटे बघून पाय टाकायचा, एवढं सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. ते पुढे गेल्यावर स्नेहा वाटेवरच खाली बसून हसली. रात्री तिनं ते मामाला सांगितलं, मामानं दुकानात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला मला पोलीस साबऐवजी उस्ताद म्हणाला. मला ते नाव जास्त आवडलं. त्याच दिवशी मोचीनं तळवा शिवून दिला.

गंडीपेट

शेवटच्या रविवारी स्नेहाचा ग्रुप गंडीपेटच्या जलाशयाला जाणार होता, दहा किलोमीटर पळायला. मामानं जाहीर केलं की आम्हीही येणार. ओळखीच्या ऑटोवाल्याला सांगून, मामीनं पुऱ्या आणि दहीभात बांधून, सगळे निघालो.

गंडीपेटला शहर संपल्यासारखं वाटतं. लांबलचक दगडी बांध, एका बाजूला एवढं पाणी की पलीकडचा काठ धुक्यात गेलेला, आणि पाण्यावर पांढरे पक्षी. स्नेहा आणि मी बरोबर पळालो, बोलत. ती मला तेलुगूत आकडे शिकवत होती, मी तिला मराठी वाचायच्या युक्त्या सांगत होतो. मध्ये चढ आला तिथं दोघांचंही बोलणं बंद पडलं, तेव्हा राव गारूंच्या नियमानं आम्ही वेग कमी केला. दहा किलोमीटर झाले तेव्हा मला दम लागलेला नव्हता. मी आयुष्यात एवढा लांब पळालो नव्हतो, आणि गुडघ्यांवर हात ठेवायचं विसरून गेलो होतो.

मामा कठड्याशी उभा होता. "पहिला आलास का?"

"इथं नंबर नसतो, मामा."

"नसतो?" मामा खरोखर खट्टू झाला. "मग एवढी माणसं कशाला येतात?"

मला बँकेच्या काकांचं उत्तर माहीत होतं. मी तेच दिलं. मामानं पाण्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, शर्टाच्या खिशातले चष्मा आणि मोबाइल तिच्या हाती दिले आणि बांधावरून पुढच्या खांबापर्यंत पळत जाऊन आला. चपला वाजत होत्या. परत आला तो धापा टाकत म्हणाला, "हौ रे. बरं वाटतं." मामी म्हणाली, आता पुऱ्या दोनच मिळतील, पळणारे लोक कमी खातात.

निघायच्या आदल्या दिवशी राव गारूंचा निरोप घेतला. यादी अजून लागली नव्हती. गाडीवाल्यानं पूर्ण पेला भरून दिला. राव गारू म्हणाले, "खबर जो भी हो, देना. और भागना बंद मत करना." त्यांचा नंबर घ्यायचं मला सुचलं नाही. बसमध्ये बसल्यावर आठवलं.

परत गावी

घरी आल्यावरही मी पहाटे उठत राहिलो. पण आता मी पुलाशी वळत नव्हतो. पूल ओलांडून पुढं, शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचो आणि परत यायचो, आठ किलोमीटर. मोबाइल घरीच ठेवायचो. पहिल्या दिवशी बाबा घड्याळ लावून उभे होते, मी सावकाश आलो आणि तसाच पुढे गेलो. परतल्यावर त्यांनी आईला विचारलं म्हणे, याची तब्येत बरी आहे ना? त्यानंतर ते देवळाशी यायचे बंद झाले. दत्ता म्हणाला, ग्राउंड झालं की, आता कशाला पळतोस? सकाळ असते ना म्हणून, असं मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे, मी त्या काकांकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं.

मागच्या गुरुवारी मी शिवेच्या दिशेनं दोन किलोमीटर गेलो होतो, तेव्हा मागून मोटारसायकल आली. बाबा होते. त्यांनी गाडी पुढे नेऊन उभी केली आणि उतरले. मोबाइल हातात नव्हता, खिशात होता. ते बघूनच मला बरंचसं कळलं.

"दत्ताचा फोन आला होता," बाबा म्हणाले. "यादी लागली. त्याचं नाव हाय."

मला दत्तासाठी बरं वाटलं. हे मी उगाच लिहीत नाही.

"तुझं नाही. एका मार्कानं गेलं. गोळ्यात कमी पडले." ते पुढं म्हणाले, "पळण्यात पुरे हायेत."

माझे हात गुडघ्यांवर गेले होते. बाबा रस्त्याकडेच्या तुरीच्या रिकाम्या रानाकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. कामावर जायची त्यांची वेळ झाली होती, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. मग त्यांनी विचारलं, "आज किती पळायचं होतं?"

"आठ किलोमीटर."

"ऱ्हायलंय किती?"

"सहा."

त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि दगडावर बसले.

"मग पळून घे. मी हाय हितं."

मी शिवेपर्यंत जाऊन परत आलो तेव्हा ते तिथंच बसले होते. मला बघून उठले. आकडा सांगितला नाही. गाडी सुरू न करताच ढकलत, घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.